जुन्या गाडीची ऑइल गळती शोधणारा यूव्ही डाय किट: काय कामाचं, काय नाही

दहा-पंधरा वर्षं चाललेल्या इंजिनाचा खालचा भाग सगळाच काळा, चिकट आणि ओला असतो. गाडी लिफ्टवर चढली की वर बघून लगेच निदान होतं, "चेंबरचं पॅकिंग गेलंय." चेंबर म्हणजे ऑइल साठवणारं इंजिनच्या तळाचं भांडं, ते सगळ्यात खाली असतं. वरून कुठूनही निघालेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळत शेवटी त्याच्याच कडेवरून ठिबकणार. पॅकिंग बदललं जातं आणि आठ दिवसांत जमिनीवर पुन्हा तोच डाग दिसतो. पॅकिंग चांगलंच होतं, गळत होतं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचं झाकण. ही चूक टाळण्यासाठी यूव्ही डाय किट घ्यायचा. डाय म्हणजे यूव्ही (अतिनील) प्रकाशात चमकणारा रंग. तो ऑइलमध्ये मिसळायचा आणि टॉर्च मारून चमकणारा ओघळ शोधायचा. तो गळती थांबवत नाही, फक्त मूळ जागा दाखवतो, आणि तेवढ्या कामात तो खरोखर पटाईत आहे. अट एकच, इंजिन आधी धुतलेलं हवं.

किटमध्ये साधारण तीन वस्तू असतात: डायची बाटली, यूव्ही टॉर्च आणि पिवळ्या काचेचा चष्मा. काही किटमध्ये गळती थांबवणाऱ्या औषधाची चौथी बाटलीही असते. चारही वस्तूंचा दर्जा सारखा नसतो, म्हणून प्रत्येकीबद्दल वेगळं सांगायला हवं.

डाय हा किटचा जीव आहे. तो ऑइलमध्ये विरघळतो, त्यात कण नसतात, त्यामुळे फिल्टर तुंबत नाही आणि बेअरिंगलाही त्रास नाही. बाटली घेताना ती ऑइलसाठीच आहे ना, हे आधी वाचायचं. कूलंटचा डाय पाण्यात मिसळणारा असतो, तो इंजिन ऑइलमध्ये चालत नाही. साधारण ४ लिटर ऑइलला ३० मिली डाय पुरतो. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळायचं. दुप्पट ओतून दुप्पट चमक येत नाही, वाढतो तो पसारा.

डाय थेट फिलरमधून, म्हणजे ऑइल भरण्याच्या तोंडातून, ओतण्याची घाई करू नये. बाटलीचं तोंड अरुंद असलं तरी दोन-चार थेंब बाहेर सांडतातच, आणि मग टॅपेट कव्हरवर चमकणारा ओघळ बघून भलतंच निदान होतं. अर्धा लिटर ऑइल एका स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात डाय ढवळायचा आणि नरसाळ्याने ओतायचा. हातात मोजे घालायचे. ओतून झाल्यावर फिलरभोवतीची जागा ब्रेक क्लीनरने (तेलकटपणा काढणाऱ्या फवाऱ्याने) पुसून काढायची आणि ते मोजे, ते फडकं तिथेच टाकून द्यायचं. डाय लागलेल्या बोटाने जिथे जिथे हात लावाल, तिथे तिथे टॉर्चखाली "गळती" दिसेल. शिवाय हे अर्धा लिटर मावेल एवढी जागा आहे का, ते डिपस्टिकवर आधी पाहायचं. बऱ्याच गाड्यांत किमान आणि कमाल खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. पातळी वरच्या खुणेला टेकली असेल तर तेवढं ऑइल आधी काढून घ्यायचं, कारण जास्त भरलेलं ऑइल स्वतःच सील आणि ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर जाण्याच्या वाटेतून) बाहेर येऊ शकतं.

ऑइल किती काळं आहे यावरही पुष्कळ ठरतं. काजळीने काळं झालेलं ऑइल, विशेषतः डिझेल इंजिनातलं, चमक गिळून टाकतं. सर्व्हिसिंग जवळ आलं असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदलावा आणि नव्या ऑइलमध्ये डाय घालावा. तीच गळती कितीतरी स्पष्ट दिसते.

टॉर्चबद्दल तक्रार आहे. स्वस्त किटमध्ये येणारी टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते. तिच्यात डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाश इतका असतो की बॉनेटखालचा सगळा भागच जांभळा होतो आणि डायची पिवळट-हिरवी चमक त्यात विरून जाते. मोठी गळती तिच्यातही दिसते, पण नुसता पाझर असेल तर नजरेतून सुटतो. ३६५ नॅनोमीटरची, पुढे गडद फिल्टरची काच असलेली टॉर्च वेगळी घेतलेली बरी. तिचा प्रकाश जवळपास दिसत नाही, त्यामुळे चमक काळ्या पार्श्वभूमीवर उठून येते. काही टॉर्च यूव्हीऐवजी ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देतात. त्याही उत्तम चालतात, फक्त त्यांच्यासोबत पिवळा चष्मा लागतोच. चष्म्यातून निळा प्रकाश अडतो आणि डायचा पिवळा रंग तेवढा आत येतो. म्हणून किटमधला तो प्लास्टिकचा साधा चष्मा खेळण्यातला समजून बाजूला टाकू नये. यूव्ही टॉर्च कुणाच्याही डोळ्यांत मारू नये. ३६५ वाली तर दिसत नाही म्हणून डोळे आपोआप मिटत नाहीत. आणि हे काम अंधारात करायचं. दुपारच्या उन्हात कितीही चांगली टॉर्च असली तरी काही दिसणार नाही.

आता धुण्याचं. किटच्या माहितीपत्रकात यावर बहुधा एखादीच ओळ असते आणि निकाल मात्र त्याच ओळीवर ठरतो. जुन्या ऑइलवर धूळ बसून तयार झालेला थर नव्या ऑइलला शोषून घेतो. मग चमक एका रेषेत न दिसता सगळीकडे पसरलेली दिसते. इंजिन कोमट असताना डीग्रीझर मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, ताठ केसांच्या ब्रशने कोपरे घासायचे आणि हलक्या धारेने धुवायचं. अल्टरनेटर, कॉइल, सेन्सरचे कनेक्टर आणि एअर इनटेक प्लास्टिकच्या पिशवीने झाकायचे. जोराच्या धारेने पाणी सीलच्या ओठातून (रबरी कडेतून) आणि कनेक्टरमध्ये शिरतं, म्हणून प्रेशर वॉशर इंजिनपासून लांबच बरा. संशयित जोडांवर शेवटी ब्रेक क्लीनर मारून पुसायचं, मात्र तेव्हा इंजिन पूर्ण थंड हवं. ब्रेक क्लीनर भडकतो.

धुताना एक पायरी हमखास विसरली जाते. गाडीखालची प्लास्टिकची अंडरट्रे काढून तीही धुवायची. तिच्यात जुनं ऑइल साठलेलं असतं, ते महिनाभर ठिबकत राहतं आणि दुरुस्ती झाल्यावरही गळती चालूच आहे असा भास होतो.

मग गाडी चालवायची. मोठ्या गळतीला १५-२० मिनिटं पुरतात. झिरपणाऱ्या गळतीला दोन-तीन दिवसांचा नेहमीचा वापर द्यावा लागतो. काही सील इंजिन गरम असताना गळतात, काही थंड झाल्यावर रबर आकसलं की. म्हणून एकदा गरम इंजिनावर आणि एकदा रात्रभर उभ्या गाडीवर, अशी दोनदा तपासणी करायची. खाली शिरताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये. स्टँड लावायचे, चाकांना ठोकळे लावायचे. गरम इंजिनचा इलेक्ट्रिक पंखा बंद गाडीतही अचानक फिरू शकतो, त्याच्या आसपास हात नको.

टॉर्च मारायची ती वरून खाली. चमक सगळ्यात जास्त कुठे आहे याला महत्त्व नाही. ती सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे कुठे सुरू होते, ते महत्त्वाचं. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं, त्यामुळे उगम नेहमी डागाच्या वर किंवा पुढे सापडतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली रेषा जवळून पाहिली की गोष्ट उलगडते. कव्हर आणि त्याखालच्या हेडच्या मधल्या सांध्यावर केसाएवढी पिवळी रेघ, तिच्याखाली एका ओतीव उंचवट्यावर थांबलेला थेंब, तिथून बेलहाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या घंटेसारख्या कवचावर) उतरलेला ओघळ आणि खाली, इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याशी, लोंबणारा थेंब. फक्त शेवटचा थेंब पाहणारा माणूस क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतो. म्हणून मागच्या सीलवर बोट ठेवण्याआधी बेलहाउसिंगचा वरचा भाग कोरडा आहे याची खात्री हवीच.

मागच्या सीलच्या बाबतीत हा डाय आणखी एक निवाडा करतो, आणि माझ्या मते किट घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीत बेलहाउसिंगच्या तळाशी ऑइल दिसलं, तर ते इंजिनचं असू शकतं किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) सीलचं. वासावरून आणि रंगावरून जाणकारही चकतात. डाय फक्त इंजिन ऑइलमध्ये घातलेला असतो. फ्लायव्हीलच्या तपासणी झाकणातून किंवा बारीक कॅमेऱ्याने पाहिलं आणि ऑइल चमकलं तर ते क्रँक सीलचं, न चमकता नुसतं ओलं दिसलं तर इनपुट शाफ्टचं. गिअरबॉक्स दोन्ही कामांना उतरवावाच लागतो, पण कोणता सील मागवायचा हे उतरवण्याआधी ठरतं.

चमकणारी प्रत्येक गोष्ट डाय नसते, हेही लक्षात ठेवायचं. हिरवा कूलंट यूव्हीखाली स्वतःच चमकतो. एसीच्या गॅसमध्ये कारखान्यातच डाय घातलेला असू शकतो, मग कॉम्प्रेसरजवळची चमक पाहून फसायला होतं. काही ग्रीस आणि डीग्रीझरचा उरलेला थर निळसर दिसतो. म्हणून डाय घालण्याआधी, धुतलेल्या इंजिनावर एकदा टॉर्च फिरवून काय काय आधीच चमकतंय ते पाहून ठेवायचं, हवं तर फोटो काढायचे.

किट जिथे तोकडा पडतो ती जागा म्हणजे कारण. सील गळतोय हे तो सांगतो, का गळतोय हे नाही. जुन्या इंजिनात त्याचं उत्तर पुष्कळदा पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये असतं. पिस्टन रिंगांवरून निसटलेला वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, येतो आणि या व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये खेचला जातो. व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. एकाच वेळी दोन-तीन सील ओले दिसले तर सील मागवण्याआधी हे तपासायचं. पेट्रोल इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) असताना फिलरचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवायचा. कागद हलका आत ओढला गेला तर ठीक. तो उडत असेल, धूर फेकत असेल, तर व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा रिंगा झिजल्यात. सुटा काढलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह बहुतेक जुन्या गाड्यांत हलवल्यावर खुळखुळतो. मुका झाला असेल तर बदलायचा. एवढं न करता नवे सील बसवले तर तेही पुन्हा गळायला लागतात.

जागा सापडल्यावर दुरुस्ती बऱ्याचदा छोटी निघते. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्यावरच आवळला जातो. दुहेरी रबरातून ऑइल थेट धारेने निघतं, हे काही मिनिटांत इंजिन रिकामं करू शकतं. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा लागतो. आणि ऑइल प्रेशर स्विचकडे फार कमी लोक बघतात. त्याच्या धातूच्या बुडाचा आणि प्लास्टिकच्या माथ्याचा सांधा सुटतो, ऑइल पिनवरून कनेक्टरमध्ये आणि वायरमधून वर चढतं. कनेक्टर काढून आत टॉर्च मारली की पिवळं तळं दिसतं. स्विच बदलणं अगदी सोपं आहे, पण एका वायरच्या स्विचचं अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच इंजिनला मिळतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली तर अर्थिंग तुटू शकतं, आणि मग प्रेशर खरंच पडलं तरी डॅशवरचा लाल दिवा लागणार नाही. नव्या स्विचवर सीलंट आधीच लावलेलं असेल तर आणखी काही लावायची गरज नाही.

टॅपेट कव्हरचं काम घरच्या हत्यारांनी होतं, पण बिघडतंही तिथेच जास्त. इंजिन थंड असताना वायरी आणि नळ्यांवर खुणा करून त्या काढायच्या. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्यायचे, सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. अॅल्युमिनियमच्या कडेला पडलेली एक चीर पुढची सगळी वर्षं गळते. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढायचं. घासणारी चकती फिरवू नये, तिची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा आधीच्या आवळण्याने आत दबलेला असतो. तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून सपाट करावा लागतो, नाहीतर नवं पॅकिंग तिथेच चेपून मधल्या भागात सैल राहतं. स्पार्क प्लगच्या नळ्यांचे सील आणि बोल्टखालचे रबरी वॉशर पॅकिंगबरोबरच बदलायचे. प्लगच्या विहिरीत ऑइल साठलं असेल तर तो नळीचा सील. ही गळती जमिनीवर कधीच दिसत नाही, मिसफायर होऊनच कळते.

रबरी पॅकिंग कोरडंच बसतं. सिलिकॉन सीलंट लागतो तो फक्त कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर किंवा कॅमची टोपी हेडला मिळते आणि पायरी तयार होते. तिथे हरभऱ्याएवढा ठिपका पुरे. संपूर्ण पॅकिंगभर सीलंट फासला तर पॅकिंग आवळताना घसरतं आणि आत निघालेली सिलिकॉनची सुतं तुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. गळती थांबवायला निघालेला माणूस इंजिन जॅम करून बसतो. व्हिनेगरसारखा वास येणारा घरगुती सिलिकॉन तर अजिबात नको, त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते आणि धातूला गंज चढवते. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत आवळायचे. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा. बहुतेक ठिकाणी तो ७ ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे हाताला फारच कमी वाटावा एवढा असतो. "अजून थोडं" म्हणून पान्ह्याला दिलेला झटका पॅकिंग फाडतो किंवा हेडचे आटे काढतो. कॉर्कचं पॅकिंग असेल तर पहिल्या गरम-थंड फेरीनंतर एकदा तपासून आवळायचं.

चेंबर खरंच गळत असेल आणि तिथे पॅकिंगऐवजी सीलंट असेल, तर दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरड्या करून ३-४ मिलिमीटरची अखंड वात भोकांच्या आतल्या बाजूने फिरवायची. ट्यूबवर दिलेल्या वेळेत चेंबर बसवायचं. पूर्ण पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात, त्याआधी ऑइल भरून इंजिन सुरू करण्याची घाई हीच परत गळण्याची सर्वांत नेहमीची वाट आहे.

राहिली ती चौथी बाटली. गळती थांबवणारं औषध रबराला फुगवून मऊ करतं. वयाने कडक झालेला, पण न फाटलेला सील त्याने काही प्रमाणात सावरतो, आणि त्यालाही काहीशे किलोमीटर धावणं लागतं. फाटलेला ओठ, क्रँकवर पडलेली खाच, सैल बोल्ट, चिरलेलं चेंबर, सीलंटचा सांधा, यातल्या कशावरही ते चालत नाही. क्रँकच्या मागच्या सीलचा नुसता पाझर असेल आणि गिअरबॉक्स उतरवणं क्लच बदलेपर्यंत पुढे ढकलायचं असेल, तिथे ते वापरण्यात तथ्य आहे. डायच्या तपासणीआधी मात्र ते ओतू नये, गळती अर्धवट मंदावते आणि मूळ जागा शोधणं आणखी अवघड होतं. ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टायमिंग बेल्टवर पडत असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. एका ठिकाणी आग लागू शकते, दुसऱ्या ठिकाणी बेल्ट फुगून तुटतो.

डायचं शेवटचं काम दुरुस्तीनंतरचं. तो पुढच्या ऑइल बदलापर्यंत ऑइलमध्ये असतोच, वेगळा काढायची गरज नाही. नवं पॅकिंग बसवल्यावर तो सांधा आणि त्याखालचे सगळे ओघळ ब्रेक क्लीनरने धुवायचे, टॉर्च मारून काहीही चमकत नाही हे पाहायचं आणि मगच गाडी बाहेर काढायची. ओतीव धातूच्या छिद्रांत आणि रंगाच्या पापुद्र्यात जुना डाय अडकून राहतो, म्हणून हे धुणं दोनदा करावं लागतं. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा टॉर्च मारायची. सांधा अंधारात काळाच दिसला की दुरुस्ती बरोबर झाली.